डिशवॉशर घेताय? आधी विचारा, भांड्यांवरचं पाणी जाणार कुठे

माझं पहिलं डिशवॉशर भांडी धुवायचं एकदम झकास, त्याबद्दल कधी तक्रार नव्हती, पण वाळवायचं काम त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. दार उघडलं की प्लास्टिकच्या डब्यांवर थेंबच थेंब, कप उपडे ठेवलेले असले तरी त्यांच्या बुडाच्या खोलगट भागात पाणी साचलेलं, आणि मग मी फडका घेऊन एकेक झाकण पुसत बसायची. एकदा घाईत डबे तसेच ओले एकात एक घालून कपाटात ठेवले आणि चार दिवसांनी काढले तर कुबट वास, झाकणाची रबरी रिंग उचलली तर खाली काळी बुरशी. घेताना विकणाऱ्याला विचारलं होतं की भांडी कोरडी निघतात ना, तो म्हणाला होता की हो, सगळी कोरडी निघतात, आणि मी त्यापुढे काहीच विचारलं नव्हतं.

दुसरं मशीन घेताना मात्र मी मॅन्युअलं डाउनलोड करून वाचली, दुकानात मशीनच्या आत डोकं घालून बघितलं, आणि एक गोष्ट पक्की कळली. कंपनीने ड्रायिंगला नाव काय दिलंय याने काही ठरत नाही, दोनच प्रश्न विचारायचे: भांड्यावरचं पाणी उडवायला उष्णता येणार कुठून, आणि उडालेलं पाणी जाणार कुठे. या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या मशीनकडे नीट आहेत ते भांडी वाळवतं, बाकीची नुसती निथळवतात.

थोडं गणित, कंटाळू नका

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० ज्यूल उष्णता लागते. बहुतेक मशीनमध्ये ही उष्णता शेवटच्या गरम पाण्याच्या खळबळण्यात भांड्यात भरली जाते, म्हणजे भांडं स्वतःच तापतं आणि स्वतःच्याच उष्णतेवर वाळतं. आता अर्ध्या किलोची चिनीमातीची प्लेट घ्या, ती ६० अंशांवरून ४० वर थंड होताना जवळपास ८,५०० ज्यूल सोडते, त्यात साडेतीन ग्रॅम पाणी उडू शकतं, आणि नीट निथळलेल्या प्लेटला तेवढं भरपूर झालं. त्याच जागी ४० ग्रॅमचं प्लास्टिकचं झाकण ठेवा, त्याच्याकडे सगळी मिळून दीड हजार ज्यूलच, म्हणजे पाऊण ग्रॅम पाणीसुद्धा उडणार नाही. वर प्लास्टिकला पाणी चिकटत नाही म्हणून ते पसरत नाही, थेंबांचे गोल मणी होऊन बसतं, आणि असा मणी पातळ थरापेक्षा खूप हळू वाळतो. प्लास्टिकमधून उष्णता वाहतेही अगदी सावकाश, त्यामुळे जिथे थेंब बसलाय ती जागा लगेच थंड पडते. तुमचे डबे ओले निघतात ते मशीन बिघडलंय म्हणून असतं असं नाही, बऱ्याचदा हे साधं भौतिकशास्त्र असतं, पण काही मशीन त्यावर उपाय करतात आणि काही करत नाहीत.

दुसरा भाग हवेचा. ६० अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण १३० ग्रॅम वाफ मावते, आणि मोठ्या डिशवॉशरच्या आतली पोकळी आहे जेमतेम १५० लिटरची, म्हणजे वीसेक ग्रॅम वाफ झाली की आतली हवा भरली. त्यानंतर भांडी कितीही गरम असू देत, पाणी उडायला जागाच नाही. ती वाफ कुठेतरी काढून घ्यावी लागते.

पायरी १: आधी स्वतःची भांडी बघा

दुकानात जायच्या आधी एक आठवडा रोज काय काय धुतलं जातं ते लक्ष देऊन बघा. जाड चिनीमाती आणि काच जास्त असेल तर जवळपास कुठलंही बरं मशीन चालेल, तुम्हाला फार खोलात जायची गरज नाही. पातळ स्टील मधलं प्रकरण आहे, वजन कमी म्हणून उष्णतेचा साठा कमी, पण पाणी त्यावर पसरतं आणि धातूतून उष्णता झटकन फिरते, त्यामुळे तिरकं ठेवलं तर वाळतं. प्लास्टिकचे डबे, मुलांच्या बाटल्या, सिलिकॉनची झाकणं, मेलामाइनचे बाऊल हे रोजच्या लोडमध्ये एक तृतीयांशाहून जास्त असेल तर मात्र पुढची पायरी अगदी मन लावून वाचा, कारण तुमचा निर्णय तिथेच होणार आहे.

पायरी २: मशीन वाळवतं कसं ते ओळखा

सगळ्यात जास्त आढळते ती कंडेन्सेशन पद्धत. शेवटचं पाणी गरम, भांडी तापतात, पाण्याची वाफ होते आणि ती स्टीलच्या थंड भिंतींवर जाऊन परत पाणी होते, ते ओघळून खाली ड्रेनमध्ये. म्हणजे भिंतींना घाम फुटतो आणि भांडी सुकतात. वाळवायला वेगळा हीटर नाही, पंखा नाही, वीज कमी, आवाज नाही, काचेला एकदम छान. पण वर जे गणित केलं ते सगळं इथे लागू, प्लास्टिकला ही पद्धत एकटी पुरत नाही. आतून टब स्टीलचाच असायला हवा, प्लास्टिकच्या भिंतीवर वाफ तितकी चांगली जमत नाही. काही मशीनमध्ये टबच्या बाजूच्या भिंतीला लागून थंड पाण्याची एक चपटी टाकी असते, त्यामुळे ती भिंत जास्त थंड राहते आणि वाफ तिकडे ओढली जाते. हे असेल तर चांगलंच.

दुसरी पद्धत गरम कॉइलची. टबच्या तळाशी वेटोळं दिसतं, शेवटी ते तापून आतली हवा गरम ठेवतं आणि दारातल्या एका झरोक्यातून वाफ बाहेर जाते. इथे उष्णता भांड्यातल्या साठ्यावर अवलंबून नाही म्हणून प्लास्टिकही बऱ्यापैकी वाळतं, पण वीज जास्त लागते आणि खालच्या रॅकमध्ये पातळ प्लास्टिक ठेवलं तर ते वाकडं होतं, ते वरच्याच रॅकमध्ये ठेवायचं. कॉइल तापवायची ही सोय, म्हणजे हीटेड ड्राय, बहुतेक वेळा बटणाने चालू-बंद करता येते, आणि 'भांडी ओली निघतात' म्हणणाऱ्या अनेक घरांत ती नुसती बंद असते, हेही आधी तपासा.

तिसरी पद्धत पंख्याची. छोटा पंखा दमट हवा बाहेर ढकलतो किंवा आतली हवा फिरवतो. नुसत्या कंडेन्सेशनपेक्षा नक्की बरी. मात्र प्रोग्राम संपल्यावरही पंखा बराच वेळ घुमत राहू शकतो, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली शेजारी असेल तर हे लक्षात ठेवा.

चौथी, आपोआप दार उघडणारी. मिलेचं ऑटोओपन, एईजी-इलेक्ट्रोलक्सचं एअरड्राय ही यातली ओळखीची नावं, इतर कंपन्यांचीही आहेत. शेवटी मशीन स्वतःच दार थोडं ढकलतं, आतली कोंडलेली वाफ बाहेर पडते आणि खोलीतली कोरडी हवा आत येते. माझ्या मते पैशांच्या मानाने सगळ्यात मोठा फरक याच एका सोयीने पडतो, कारण ती वाफ अडकण्याचं मूळ दुखणंच घालवते, आणि रात्री मशीन लावून झोपणाऱ्याला तर हिच्यासारखं सुख नाही. पण दोन गोष्टी विचारून घ्या. एक, हे सगळ्या प्रोग्रामला चालतं का फक्त काहींना, आणि नको असेल तेव्हा बंद करता येतं का, घरात रांगतं मूल असेल तर बंद करता आलंच पाहिजे. दुसरं, वरच्या ओट्याचं काय. गरम वाफ रोज एकाच ठिकाणी लागली तर लाकडी भुशाच्या बोर्डचा ओटा फुगतो, म्हणून अशा मशीनसोबत ओट्याच्या खालच्या कडेला लावायची एक संरक्षक पट्टी येते. बसवणारा माणूस ती कधीकधी खोक्यातच विसरतो. तो घरात असतानाच वाकून बघा, पट्टी लागलीये की नाही.

पाचवी झिओलाइटची, बॉश आणि सीमेन्सच्या वरच्या मॉडेल्समध्ये असते. आणि ही मला मनापासून आवडते. झिओलाइट हे खनिज, त्याच्या आत अतिसूक्ष्म भोकं असतात आणि ती पाण्याचे रेणू शोषून धरतात. १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा एक दगड तापवला तर त्यातून वाफा निघायला लागल्या, म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून नाव ठेवलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. मशीनच्या तळाशी एका डब्यात हे खडे असतात. वाळवायच्या वेळी पंखा दमट हवा त्यातून फिरवतो, खडे ओल शोषतात आणि शोषताना स्वतः तापतात, मग कोरडी आणि गरम अशी हवा परत भांड्यांवर येते. म्हणजे आपले दोन्ही प्रश्न एका दगडाने सोडवले, उष्णताही तोच देतो आणि पाणीही तोच घेतो. पुढच्या धुण्यात हीटर खड्यांना तापवतो, ओल बाहेर पडते, ती उष्णता धुण्याच्या पाण्याला मिळते आणि खडे परत तयार. ते बदलावे लागत नाहीत. प्लास्टिक भरपूर असेल आणि दार उघडणारं मशीन तुमच्या जागेत बसत नसेल तर याच्याकडे जा, पैसे जास्त लागतात पण काम होतं.

काही मशीनमध्ये यातल्या दोन पद्धती एकत्र असतात, ते उत्तमच.

पायरी ३: दुकानात आत हात घाला

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि दार पूर्ण उघडा. तळाशी कॉइल दिसतंय का, भिंती स्टीलच्या आहेत का आणि तळही स्टीलचाच आहे का (काहींचा तळ प्लास्टिकचा असतो), दारात झरोका आहे का, एवढं दोन मिनिटांत कळतं. मग रॅक बाहेर ओढा. याकडे लोक अजिबात बघत नाहीत आणि माझ्या अनुभवात अर्धा ओलेपणा इथूनच येतो. कपांची जागा सपाट आहे का तिरकी? सपाट असेल तर कपाच्या बुडातलं तळं तसंच राहणार, जगातलं कुठलंही ड्रायिंग ते उडवू शकत नाही. मी दुसऱ्या वेळी घरचा एक कप आणि एक डबा पिशवीत घालून नेला होता, विक्रेता जरा चकित झाला पण काही बोलला नाही, आणि त्या डब्यामुळेच कळलं की एका मॉडेलमध्ये वरच्या रॅकच्या काड्या इतक्या जवळ होत्या की डबा आडवाच पडत होता, तिरका उभा राहीना. ते मॉडेल तिथेच बाद. वरच्या रॅकची उंची कमीजास्त करता येते का आणि खालच्या काड्या दुमडता येतात का तेही करून बघा. सगळ्यात वर चमच्यांचा तिसरा ट्रे असेल तर चमचे सुटे सुटे आडवे राहतात, टोपलीत गर्दी करून ओले राहण्यापेक्षा बरं.

ओट्यावर ठेवायचं छोटं मशीन घेत असाल तर अपेक्षा जरा खाली आणा. युरोपातल्या नियमांत आठ किंवा जास्त जणांच्या भांड्यांच्या मशीनला वाळवण्याचा निर्देशांक (तो काय असतो ते पुढच्या पायरीत) १.०६ च्या वर लागतो आणि सात किंवा कमी जणांच्या मशीनला ०.८६ च्या वर असला तरी चालतो, म्हणजे नियम करणाऱ्यांनीही हा फरक धरलेलाच आहे.

पायरी ४: मॅन्युअल आणि आकडे

हा निर्देशांक काय असतो तेही सांगते, कारण तो उपयोगाचा आहे. चाचणीत ठरलेली भांडी लावून प्रोग्राम चालवतात आणि मग एकेक नग तपासून गुण देतात: पूर्ण कोरडा असेल तर २, एकदोन थेंब किंवा एखादा ओघळ असेल तर १, त्याहून ओला तर ०. त्याची तुलना एका संदर्भ मशीनशी करतात, १ म्हणजे तेवढंच, १ च्या वर म्हणजे त्याहून चांगलं. युरोपच्या जुन्या एनर्जी लेबलवर वाळवण्याची वेगळी श्रेणी छापलेली असायची, १ मार्च २०२१ पासून आलेल्या नव्या ए ते जी लेबलवरून ती गेली, आता हा आकडा मॉडेलच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो. आणि तो इको प्रोग्रामचा असतो हे विसरू नका. तुम्ही रोज क्विक वापरणार असाल तर तुमच्यासाठी त्या आकड्याला काही अर्थ नाही.

म्हणून मॅन्युअलातला प्रोग्रामचा तक्ता उघडा. प्रत्येक प्रोग्रामपुढे तापमान आणि वेळ दिलेली असते, काही तक्त्यांत वाळवण्याचा टप्पा आहे की नाही तेही असतं. अर्ध्या तासाच्या बहुतेक क्विक प्रोग्रामात तो नसतोच किंवा नावापुरता असतो. इकोमध्ये विजेची बचत करायची म्हणून तापमान कमी ठेवतात आणि त्याची भरपाई तीन-चार तासांच्या वेळेने करतात, त्यात चिनीमाती वाळते, प्लास्टिक बऱ्याचदा नाही. मग शोधायचा तो 'एक्स्ट्रा ड्राय' पर्याय, तो शेवटच्या पाण्याचं तापमान वाढवतो किंवा वाळवायचा वेळ वाढवतो, कधी दोन्ही. तो कुठल्या प्रोग्रामसोबत लावता येतो ते नीट वाचा, कारण क्विकसोबत चालत नसेल तर घाईच्या दिवशी आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास अशी गत होते. सॅनिटाइज किंवा हायजीन पर्यायही शेवटचं पाणी जास्त गरम करतो, त्याचा फायदा वाळण्याला आपोआप मिळतो.

पायरी ५: रिन्स एड, मीठ आणि तुमचे हात

इथे मला जरा आग्रह करायचाय. मशीन कितीही चांगलं घ्या, रिन्स एड घातलं नाही तर भांडी ओलीच निघणार, विशेषतः कंडेन्सेशनवाल्या मशीनमध्ये. हे द्रव्य शेवटच्या पाण्यात मिसळतं, पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, त्यामुळे थेंबांचे मणी न होता पाणी पातळ पापुद्र्यासारखं पसरून खाली घसरतं आणि उरलेलं लवकर उडतं. ऑल-इन-वन टॅबलेटमध्ये ते असतं म्हणून वेगळं नको असं सांगतात, पण टॅबलेट सुरुवातीलाच विरघळते आणि मधल्या पाण्याबरोबर बरंचसं निघून जातं, डिस्पेन्सरमधलं, म्हणजे रिन्स एड भरायच्या वेगळ्या कप्प्यातलं, मात्र बरोबर शेवटी सुटतं. माझ्या जुन्या मशीनला मी वर्षभर नुसत्या टॅबलेटवर चालवलं होतं, नंतर रिन्स एड भरून सेटिंग वाढवलं तर काच आणि स्टील पहिल्याच दिवशी खडखडीत वाळलेलं निघालं, डबे तरी ओलेच राहिले पण थेंब निम्म्याने कमी.

रिन्स एडचं सेटिंग मधल्या आकड्यावर ठेवून सुरू करा. काचेवर थेंब किंवा थेंबांचे डाग राहतायत तर एक आकडा वर, निळसर थर किंवा रेघा दिसतायत तर एक खाली, दर वेळी एकच आकडा बदला आणि दोन-तीन लोड बघा. पांढरी पावडर वाळून बसत असेल तर तो वाळवण्याचा दोष नाही, पाण्यातला क्षार आहे, त्यासाठी मशीनचं मीठ (पाण्याचा जडपणा कमी करायला लागणारं खास मीठ, जेवणातलं नव्हे) भरा आणि पाण्याच्या जडपणाप्रमाणे सेटिंग करा. मीठ भरायची सोय असलेलं मशीन घ्यायचं हे वेगळं सांगायला नको.

भांडी लावताना एकात एक काही घालायचं नाही, खोलगट वस्तू पूर्ण उपडी न ठेवता तिरकी ठेवायची म्हणजे बुडातलं पाणी एका कडेने ओघळतं, प्लास्टिक वर आणि काड्यांमध्ये अडकवून. दार आपोआप उघडत नसेल तर प्रोग्राम संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग दार चार बोटं उघडून अर्धा तास तसंच सोडा. अगदी लगेच उघडलं तर वाफेचा लोट तोंडावर येतो आणि काच तडकायची भीती असते. आणि रिकामं करताना आधी खालचा रॅक, मग वरचा, नाहीतर वरच्या कपांच्या बुडातलं पाणी खालच्या वाळलेल्या प्लेटांवर पडतं आणि सगळं मुसळ केरात.

नवीन मशीनचा पहिला आठवडा

परत करायची किंवा तक्रारीची मुदत चालू असतानाच एक तपासणी करून घ्या. गरम प्रोग्राम लावा, शक्य असेल तर एक्स्ट्रा ड्रायसकट, आणि तो संपल्यावर पाचेक मिनिटांत दार जपून उघडून एका जाड प्लेटला हात लावा. ती चांगली गरम लागली पाहिजे, हातात धरून ठेवायला नको वाटेल इतकी. कोमट लागली तर पाणी नीट तापत नाहीये, हीटर किंवा तापमानाचा सेन्सर तपासायला हवा, अशा वेळी रिन्स एड वाढवून किंवा भांडी हलवून काही होणार नाही, सरळ सर्व्हिसवाल्याला बोलवा आणि 'भांडी ओली निघतात' असं न सांगता 'शेवटचं पाणी तापत नाही' असं सांगा. पहिल्या वाक्यावर तो तुम्हाला रिन्स एड घाला म्हणून सांगून निघून जाईल, दुसऱ्यावर त्याला मीटर काढून हीटर तपासावा लागेल.